ब्रायरच्या पाइपचे वय: ठसा, चांदी आणि लाकूड

जुना ब्रायर पाइप हाती आला की मुरलेला संग्राहक आधी त्याचा डौल पाहत नाही. तो दांडी खिडकीकडे तिरकी धरतो, भिंग काढतो आणि तिच्या दोन्ही अंगांवरची निम्मी पुसट झालेली अक्षरे वाचू लागतो. कंपनीचे नाव, देशाचे नाव, आकाराचा क्रमांक, कधी पेटंटचा आकडा, कधी अगदी शेवटी एक बारीक अंक. दीड-दोन इंचांच्या या मजकुरात पाइपचे साल दडलेले असते, असा या छंदाचा जुना विश्वास आहे. तो कितपत टिकतो आणि त्याच्या जोडीला दुसरा कोणता पुरावा उभा करता येतो, याचा हा आढावा.

साल ठरवण्याची एवढी धडपड कशासाठी, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडणे साहजिक आहे. पहिले कारण अर्थातच पैसा. एकाच कारखान्याचा, एकाच आकाराचा पाइप महायुद्धाआधीचा ठरला की त्याचा भाव बदलतो. दुसरे कारण कुतूहल. आपल्याकडे तिसरेही एक आहे. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यात पुरावस्तू ठरण्यासाठी सर्वसाधारणपणे शंभर वर्षांची अट आहे आणि अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. ही शंभरीची रेषा दरवर्षी एकेक पाऊल पुढे सरकते. त्यामुळे आजोबांचा पाइप १९१५ चा की १९३५ चा, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या एखाद्या घरातही निव्वळ हौसेचा राहत नाही.

मुळाशी धरणारी गाठ

भूमध्य समुद्राच्या काठाने वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाला खोड आणि मूळ यांच्या सांध्यावर लाकडाची गाठ धरते. तीच ब्रायर. ती खणून काढतात, तिचे ठोकळे कापतात, ते उकळतात आणि मग महिनोन्‌महिने सावलीत सुकवतात. हे लाकूड घट्ट असते, उष्णता सोसते आणि सहजी जळत नाही. ब्रायर येण्याआधी युरोपात पाइप असत ते मातीचे, चिनी मातीचे, चेरीच्या लाकडाचे किंवा तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरकडून येणाऱ्या मीरशॉम या पांढऱ्या खनिजाचे. माती पटकन फुटे आणि मीरशॉम सामान्यांना परवडत नसे.

फ्रान्सच्या जुरा डोंगराळ भागातल्या सां-क्लोद या गावी १८५० च्या दशकात ब्रायर कातायला सुरुवात झाली. जपमाळांचे मणी आणि लाकडाच्या लहानसहान वस्तू कातणारे कारागीर तिथे आधीपासून होतेच. नेपोलियनचे जन्मस्थान पाहायला कोणी एक पाइपवाला कॉर्सिकात गेला, तिथे त्याचा मीरशॉम फुटला आणि गावातल्या माणसाने त्याला या गाठीचा पाइप कोरून दिला, अशी एक कथा सांगतात. गंभीर अभ्यासक तिला दंतकथाच मानतात, पण पाइपवरच्या पुस्तकांतून ती काही जात नाही.

सालनिश्चितीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. हा धंदा पहिल्यापासून अनेक गावांत विभागलेला होता. ठोकळा कॉर्सिका, कॅलाब्रिया किंवा अल्जीरियाचा, वाटी कातलेली सां-क्लोदला, मुखनळी आणि चांदीची कडी बसवलेली लंडनला. अल्फ्रेड डनहिल यांनी १९०७ मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर दुकान थाटले आणि १९१० पासून स्वतःच्या नावाचे पाइप करायला घेतले. सुरुवातीच्या काळात त्यांच्याही वाट्या फ्रान्समध्ये कातलेल्या असत. कोमॉय हे घराणे मूळ सां-क्लोदचेच. आंरी कोमॉय १८७९ मध्ये लंडनला आले आणि धंदा दोन्हीकडे चालू राहिला. म्हणजे एकाच पाइपच्या वाटीचे, नळीचे आणि चांदीचे साल वेगवेगळे असू शकते. पुढचे बहुतेक वाद इथूनच फुटतात.

चांदीची साक्ष

सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत भक्कम समजला जाणारा पुरावा चांदीचा आहे. दांडीवर चांदीचे कडे असलेल्या ब्रिटिश पाइपवर हॉलमार्क असतो. आपल्या वाचकाला हॉलमार्क सोन्याच्या दागिन्यांमुळे ठाऊक आहे, पण ब्रिटिश पद्धतीत शुद्धतेच्या जोडीला वर्षही नोंदलेले असे. चालणारा सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी. बिबळ्याचे मुंडके लंडनचे, नांगर बर्मिंगहॅमचा, गव्हाच्या पेंढ्या आणि तलवार चेस्टरची. त्याशेजारचे एक अक्षर म्हणजे वर्ष. अक्षरांची मालिका संपली की लिपीचे वळण आणि भोवतालच्या ढालीचा आकार बदलून नवी मालिका सुरू व्हायची. राजाराणीच्या मस्तकाची खूण कर भरल्याची होती आणि ती १८९० मध्ये बंद झाली. चेस्टरचे कार्यालय १९६२ मध्ये मिटले. या खुणा सरकारी देखरेखीखाली उमटलेल्या आणि त्यांचे तक्ते छापलेले. त्यामुळे चांदीला पहिले स्थान देणाऱ्यांचे म्हणणे सरळ आहे: कंपनीचा ठसा कंपनीच्या मर्जीचा असतो, हॉलमार्क कायद्याचा.

या बाजूचे बळ मान्य करूनही दोन हरकती घ्याव्या लागतात. पहिली बारीक आहे. १९७५ पर्यंत वर्षाक्षर जानेवारीत बदलत नसे. लंडनमध्ये ते मे महिन्यात बदले, बर्मिंगहॅममध्ये जुलैत. म्हणून एकच अक्षर दोन इंग्रजी वर्षांना शिवते आणि जाणकार १९०८-०९ असे जोडसाल लिहितात. दुसरी हरकत वजनदार आहे. हॉलमार्क कड्याचे वय सांगतो, लाकडाचे नाही. तडकलेल्या दांडीवर चांदीचे कडे चढवून ती वाचवणे ही दुरुस्तीची जुनी रीत आहे. अशा पाइपवरचे अक्षर दुरुस्तीचे साल दाखवते. म्हणूनच कड्यावरची कारागिराची मुद्रा पाहावी लागते. लंडनच्या बार्लिंग घराण्याच्या जुन्या पाइपांवर 'ईबी-डब्ल्यूबी' असते, डनहिलवर 'एडी'. कारखान्याचीच मुद्रा सापडली तर कडे मूळचे असण्याची शक्यता बरीच वाढते. १९९९ पासून ब्रिटनमध्ये वर्षाक्षर ऐच्छिक झाले, पण संग्राहकांचा मुख्य काळ त्याआधीचा असल्याने त्याचे त्यांना फारसे दुःख नाही.

आयर्लंडमध्ये याच बाबतीत एक मजेशीर पेच आहे. डब्लिनच्या पीटरसन कारखान्याने चांदीवर खरा डब्लिन हॉलमार्क घेतला, पण निकेलच्या कड्यांवर शॅमरॉकचे पान, बसलेले श्वापद आणि गोल मनोरा अशा तीन खुणा उमटवल्या. दिसायला त्या हुबेहूब हॉलमार्कसारख्या. त्यांना शुद्धतेचाही अर्थ नाही आणि वर्षाचाही नाही. ते श्वापद कोल्हा की आयरिश शिकारी कुत्रा, यावरही लोक भांडतात. नवशिक्यांनी या तीन चित्रांतून साल काढण्यासाठी किती संध्याकाळी घालवल्या असतील, कोण जाणे.

दांडीवरचे अक्षर

चांदी नसलेल्या पाइपांची संख्या अर्थात कितीतरी जास्त आहे. तिथे ठशांचा अभ्यास सुरू होतो आणि या क्षेत्रातले सगळ्यांत कष्टाचे काम इथेच झालेले आहे.

ठसे उमटले ते व्यापाराच्या आणि कायद्याच्या गरजेतून. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत असणे सक्तीचे केले. त्यावरून संग्राहकांमध्ये एक सूत्र रूढ झाले: नुसते 'इंग्लंड' असेल तर पाइप १८९१ नंतरचा, 'मेड इन इंग्लंड' असेल तर १९२१ नंतरचा. सूत्र सोपे आहे आणि तेच त्याचे दुखणे आहे. हा कायदा अमेरिकेत जाणाऱ्या मालासाठी होता. लंडनच्या गिऱ्हाइकासाठी केलेल्या पाइपला तो लागू नव्हता. शिवाय कारखान्यात पोलादी छाप झिजेपर्यंत वापरतात. म्हणून देशाचे नाव ही फार तर सर्वांत आधीची सीमा सुचवणारी खूण आहे, एवढ्यावर बहुतेक अभ्यासक आता येऊन थांबले आहेत.

डनहिलची गोष्ट मात्र निराळी. पाइपच्या जगात सालनिश्चितीचा सगळ्यांत तपशीलवार अभ्यास याच कंपनीचा झाला आहे आणि त्याला कारणही तसेच आहे. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीपासून डनहिलने 'इंग्लंड' या शब्दाच्या शेपटीला एक बारीक अंक जोडला. पाइपला बारा महिन्यांची हमी असे आणि तडा गेलेला पाइप घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाची मुदत संपली की नाही, हे दुकानदाराला एका नजरेत कळावे, हा त्याचा हेतू. पुढे शंभर वर्षांनी कोणी तो भिंगातून वाचणार आहे, हे कोणाच्या मनातही नसणार. म्हणूनच तो आकडा वरवर पाहता गोंधळात टाकतो. १९२५ चा ५, १९३० चा १०, १९३५ चा १५ इथपर्यंत ठीक. पण १९४० नंतर मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली आणि १९५० व १९६० नंतरही तसेच झाले. १९६० च्या दशकातली मोजणी मात्र पुढे चालू राहिली, म्हणून १९७१ चा ११. नुसता '१' पाहून १९४१, १९५१ आणि १९६१ यांतले एकही साल निवडता येत नाही.

ही गाठ सुटते ती शेजारच्या खुणांनी. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत डनहिल पाइपवर पेटंटचे क्रमांक असत. १९५० च्या सुमारास आकारमानाचा गट दाखवणारा, वर्तुळातला छोटा आकडा आला. पेटंट आहे पण गट नाही, दोन्ही आहेत, गट आहे पण पेटंट नाही अशा जोड्या लावल्या की दशक हाती येते. पेटंटचे क्रमांक स्वतःच बोलके आहेत. वाळूचा मारा करून खडबडीत केलेल्या 'शेल' पाइपवर ११९७०८/१७ हा ब्रिटिश आणि १३४१४१८/२० हा अमेरिकन क्रमांक दिसतो. दुसरा असलेला पाइप १९२० च्या आधीचा असणे शक्य नाही. लाकडाला दिलेल्या रूपाची नावेही मदतीला येतात: ब्रुयेअर १९१० पासून, शेल १९१७, रूट ब्रायर १९३१, टॅनशेल १९५२, रेडबार्क १९७२. जॉन लॉरिंग यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस पेटंट काळावर लिहिलेल्या पुस्तकाने हे सारे एका चौकटीत आणले. त्यानंतरच्या दुरुस्त्या बहुतांशी त्या चौकटीच्या आतल्या आहेत.

डनहिलच्या यशाने एक अपेक्षा मात्र वाढवून ठेवली. प्रत्येक कारखान्याच्या ठशांत अशीच किल्ली लपलेली असेल, असे लोकांना वाटू लागले. तशी ती नाही. पीटरसनच्या बाबतीत देशाच्या इतिहासावरून वर्षे बांधली गेली. १९२२ ते १९३७ हा आयरिश फ्री स्टेटचा काळ, १९३७ च्या अखेरीस नवी राज्यघटना आणि 'एरे' हे नाव, एप्रिल १९४९ मध्ये प्रजासत्ताक. त्यावरून 'प्रजासत्ताकापूर्वीचा' आणि 'प्रजासत्ताकातला' असे दोन मोठे गट पडले. भाव ठरवताना ते आजही सर्रास वापरले जातात. मार्क अर्विन आणि गॅरी माल्मबर्ग यांनी २०१० च्या दशकाच्या अखेरीस या कारखान्याचा, म्हणजे 'कॅप आणि पीटरसन'चा, मोठा इतिहास लिहिला. जुन्या कॅटलॉगांचा आणि कारखान्यातल्या कागदांचा आधार घेऊन पाहिल्यावर राजकीय तारीख आणि कारखान्यातला बदल जुळतोच असे नाही, याची जाणीव आता पक्की झाली आहे. घटना एका दिवसात बदलते. छाप बनवणारा त्याच दिवशी नवा छाप बनवत नाही.

बार्लिंगच्या संग्राहकांची फाळणी वेगळ्या रेषेवर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये चांदीकाम करणाऱ्या या घराण्याने १९६० मध्ये धंदा इम्पीरियल टोबॅकोच्या हाती दिला. त्याआधीचा पाइप खरा बार्लिंग आणि नंतरचा नुसता नावाचा, असे बरेच लोक मानतात. १९६२ पासूनचे चार आकडी आकारक्रमांक त्यासाठी खूण म्हणून धरतात. दुसरा पक्ष म्हणतो की मालक बदलला म्हणून कारागीर आणि साठ्यातले लाकूड रातोरात बदलत नाही. मधली दोन-तीन वर्षे नव्या ठशाखाली जुनाच माल गेला असणार. मला दुसरा पक्ष जास्त पटतो, पण बाजार पहिल्याच्या बाजूने आहे. सासिएनीच्या बाबतीतही असेच. डनहिलकडून बाहेर पडून जोएल सासिएनी यांनी १९१९ मध्ये स्वतःचा कारखाना काढला. नळीवरच्या फिक्या निळ्या चार ठिपक्यांसाठी तो ओळखला जातो. १९७९ मध्ये धंदा घराण्याबाहेर गेला, तोच भाव पाडणारा टप्पा मानतात. कोमॉयच्या नळीवरचा 'सी' जुना असला तर तीन तुकड्यांचा, नंतरचा एकाच तुकड्याचा. ही खूण भिंगाशिवायही दिसते आणि म्हणून लोकप्रिय आहे.

लाकूड आणि नळी काय सांगतात

ठशांवर विसंबू नका, वस्तूच पाहा, असे म्हणणारा एक प्रवाह आहे. त्याचा भर सामग्रीवर असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पहिल्या महायुद्धाच्या आसपास नळी दांडीला जोडायला हाडाचा आटे पाडलेला खुंट वापरत. नळी अंबराची, शिंगाची किंवा व्हल्कनाइटची असे. व्हल्कनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर. उजेडाने आणि हवेने ते हिरवट तपकिरी होते, हे प्रत्येक संग्राहक पहिल्याच आठवड्यात शिकतो. अ‍ॅक्रिलिक नळ्या रूढ झाल्या त्या बऱ्याच नंतर. लाकूडही कधीकधी साल बोलून दाखवते. दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्रातली वाहतूक अडली तेव्हा अमेरिकेत 'मिशन ब्रायर' या नावाने कॅलिफोर्नियातले मँझानिटा आणि शिवाय माउंटन लॉरेल वापरले गेले. डेन्मार्कमध्ये पुढे स्टॅनवेल म्हणून नावारूपाला आलेल्या कारखान्याने त्याच काळात बीचच्या लाकडाचे पाइप केले.

वाळूच्या माऱ्याची खोली हा याच प्रवाहातला रंगतदार मुद्दा. जुन्या शेल पाइपांवर खोल, कडी-कड्यांचे खडबडीत पोत दिसतात. ते मऊ अल्जीरियन ब्रायरमुळे आणि १९५४ ते १९६२ या अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धात तो पुरवठा विस्कळीत झाल्यामुळे पुढचे पोत उथळ झाले, असे म्हणतात. निरीक्षण खरे आहे. पण त्यावरून एका सुट्या पाइपचे साल काढणे धोक्याचे, कारण खोली ही लाकडाइतकीच यंत्र चालवणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते.

या प्रवाहाची खरी अडचण मुखनळीची आहे. नळी हा पाइपचा सर्वात लवकर तुटणारा भाग. दातांनी झिजते, पडून मोडते, बदलली जाते. चांगल्या कारागिराने घडवलेली बदली नळी ओळखणे फार कठीण असते, आणि नळीवरचा ठिपका किंवा अक्षर हीच जर सालाची खूण असेल, तर सगळा डोलारा तिच्यावर उभा राहतो. खोट्या खुणा बसवणाऱ्यांचे लक्षही तिथेच असते.

पुसल्या जाणाऱ्या खुणा

सालनिश्चितीइतकाच तापलेला दुसरा वाद दुरुस्तीचा आहे. जुन्या पाइपला पुन्हा वापरता येण्याजोगे करणाऱ्यांचे एक वर्तुळ आहे. वाटीतला कोळशाचा थर खरवडायचा, मीठ आणि मद्यार्काने आतली घाण शोषून घ्यायची, नळीवरचा हिरवटपणा घासून काढायचा, शेवटी फिरत्या चाकावर मेणाची झळाळी द्यायची. पाइप वापरासाठी केलेला होता आणि वापरात राहिला तरच जगतो, ही त्यांची भूमिका. तीत तथ्य आहे. तळघरात पडलेल्या पाइपला बुरशी लागते.

जतन करणाऱ्यांना मात्र त्या फिरत्या चाकाची धास्ती वाटते. अक्षरांच्या कडा काही क्षणांत गोल होतात, बारीक अंक तर सपाटच होतो. चांदीचेही तेच. दोन्ही बाजू मान्य करतात असा एक किमान संकेत गेल्या काही वर्षांत तयार झाला आहे: कामाला हात लावण्याआधी तिरक्या उजेडात सर्व ठशांची छायाचित्रे घ्यायची आणि चाक चालवताना दांडीची ती बाजू झाकायची. विकणाऱ्याने काय बदलले ते सांगावे, यावरही तत्त्वतः एकमत आहे. व्यवहारात ते कितपत पाळले जाते, हे ज्याने जुना पाइप विकत घेतला आहे त्याला विचारावे.

जे अजून उलगडलेले नाही

मातीच्या पाइपांचा अभ्यास ब्रायरच्या पुष्कळ पुढे आहे, ही गोष्ट संग्राहकांना थोडी टोचते. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जे. सी. हॅरिंग्टन यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले की मातीच्या नळीच्या भोकाचा व्यास सतराव्या-अठराव्या शतकात हळूहळू लहान होत गेला. इंचाच्या चौसष्टाव्या भागांत ते मोजून उत्खननाच्या थराचा काळ सांगता येतो. लुईस बिनफर्ड यांनी पुढे त्याचे गणिती सूत्र केले. पण हे सूत्र चालते ते शेकडो तुकड्यांच्या सरासरीवर. एका तुकड्याला ते काहीच सांगत नाही. ब्रायरचा संग्राहक नेमका एका पाइपचे वय विचारतो, आणि त्याच्याकडे थरांतून निघालेले, तारीख ठाऊक असलेले हजारो नमुनेही नाहीत. त्यामुळे ब्रायरचे शास्त्र मोजण्यापेक्षा वाचण्यावर उभे राहिले. जुने कॅटलॉग, किंमतपत्रके, पेटंटचे दप्तर यांतून जे वाचता आले तेवढेच. लाकडाचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत वय काढणे कल्पनेत आकर्षक वाटते, पण त्यासाठी पाइपचा तुकडा काढावा लागतो आणि उत्तर मिळाले तरी ते झुडपाचे असते. गाठ कापल्यानंतर ठोकळा किती वर्षे सुकत पडला होता, हे त्यातून कळत नाही.

कॅटलॉगवर भर देणाऱ्यांपुढेही प्रश्न आहे. आकारक्रमांक कॅटलॉगमध्ये कोणत्या साली आला ते सांगता येते, पण कधी बंद झाला ते क्वचितच. बिलियर्ड, बुलडॉग, डब्लिन हे आकार सव्वाशे वर्षांत फारसे बदललेले नाहीत. यामुळेच आज बहुतेक काळजीपूर्वक लिहिणारे लोक एकच साल न सांगता 'अमुक सालाआधी नाही' आणि 'बहुधा अमुक सालानंतर नाही' अशी दोन टोके देतात आणि प्रत्येक टोक कोणत्या खुणेवर उभे आहे ते नमूद करतात. विक्रेत्यांना ही पद्धत रुचत नाही. गिऱ्हाइकाला एकच आकडा हवा असतो.

आणि या सर्व अभ्यासाचा प्रकाश पडतो तो मोजक्या कारखान्यांवर. डनहिल, पीटरसन, बार्लिंग, कोमॉय, सासिएनी, पॅरिसमध्ये १८५० मध्ये सुरू झालेले जीबीडी, अमेरिकेचे केवूडी. यांच्या पलीकडे सां-क्लोदच्या कारागिरांनी कातलेले, दुकानदारांच्या नावाने किंवा कोणत्याच नावाशिवाय विकलेले पाइप संख्येने कैक पटींनी जास्त आहेत. त्यांच्यावर चांदी नाही, पेटंट नाही, हमीचा अंक नाही. त्यांच्यामागे कोणी संग्राहकही नाही, म्हणून कोणी अभ्यासकही नाही. फार तर हाडाच्या खुंटावरून आणि नळीच्या सामग्रीवरून त्यांचे अर्धशतक ठरते, आणि विक्रेत्याच्या चिठ्ठीवर त्यांचे वर्णन 'फ्रेंच, जुना' एवढ्यावरच थांबते.